ओटीतला कापूस

"फहीमभाऊ, पंप बंद करा न!" मी बांधावरून ओरडले.

वरच्या वावरात फवारणारा फहीम थांबला, पण त्यानं आधी मालकाकडं पाहिलं. गुलाबरावांनी हातानंच 'चालू दे' म्हटलं. त्यांच्याच खालच्या वावरात आम्ही सात बाया कापूस वेचत होतो. बाभळीला माझ्या आठ महिन्यांच्या मुक्ताची झोळी टांगलेली.

सकाळपासून माझं अर्धं लक्ष काळडोंगराच्या माथ्यावर होतं. धामणगाव बढे गावापासून आमच्या साऱ्या शिवारावर उभा असलेला हा डोंगर म्हणजे विझलेला ज्वालामुखी, असं मी शिकवणीच्या पोरांना सांगते. दिवाळीनंतर त्याच्या माथ्यावरचं गवत गावाकडं वाकलं, की वारा खाली सुटतो. मग फवारणी बंद, ही इथली जुनी रीत. आता गवत वाकलं होतं.

"काऊन बंद?" गुलाबराव हसले. "मास्तरीणबाई, तुम्हीच पोराइले सांगता न, हा डोंगर मेला म्हणून? मेलेला फुकते कसा?"

"औषधाचा वास येऊन राह्यला, भाऊ. लेकरू हाय खाली."

"मंग लेकरू घरी ठेवाचं. अळी काही तुह्या लेकरासाठी थांबत नाही."

बीटी कापसाचं बियाणं आलं तेव्हा 'आता फवारणीतून सुटलो' म्हणून हेच गुलाबराव गावभर सांगत होते. आता बोंडाबोंडात गुलाबी अळी, अन् दर आठ दिवसांनी पंप.

झोळीत मुक्ता खोकली. मी धावले.

माझ्या सासूबाई, झुंबरबाई, तीस वर्षं वेचणीला जातात. त्यात वाळक्या पानाची पत्ती नाही, माती नाही. त्यांचा कापूस ढिगातही वेगळा दिसतो. मालकासमोर त्या कधी तोंड उघडत नाहीत. आता त्यांनी कमरेची भरलेली ओटी सोडली आणि सकाळपासूनचा कापूस मातीत ओतला.

"आत्याबाई!"

"चाल वं. पोरीचं तोंड झाक पदरानं."

"झुंबरे, उद्या पाय ठेवू नको वावरात!" गुलाबराव ओरडले.

"तूच ये वेचाले," त्या मागं न वळता म्हणाल्या. "डोंगर मेला का जिता, तुलेई समजीन."

शेजारच्या ओळीत वेचणारी चांगुणा फिस्सकन हसली. तिनंही ओटी सोडली. मग बाकीच्यांनी. वर फहीमनं पंप पाठीवरून उतरवला आणि तोंडाचा रुमाल काढून खाली बसला.

बांधाच्या वळणावर सासूबाई थांबल्या. रिकाम्या ओटीला एका बोंडाचा कापूस चिकटून राहिला होता. त्यांनी त्यातली पत्ती काढली, फुंकर मारली, आणि डोंगराला वाहावा तसा तो बांधावरच्या काळ्या दगडावर ठेवला.