खडूसच्या बासष्ट कांड्या

मित्रांनो, मला पाहून कुणालाही दुधाची मोठी किटली वाटते. गोल पोट, आखूड मान, दोन्ही बाजूंना कान. पण माझ्या पोटात दुधाचा थेंबही कधी आला नाही. मी एक जुनं थंडीचं भांडं आहे आणि माझं आयुष्य वळूंच्या वीर्यकेंद्रात गेलं.

माझा जन्म कारखान्यातला. कारागिरांनी एका भांड्यात दुसरं भांडं बसवलं आणि दोघांमधली सगळी हवा ओढून घेतली. त्या पोकळीतच माझा जीव. ती शाबूत असेल तोवर बाहेरची ऊब आत शिरत नाही, आणि पोटातला द्रवरूप नायट्रोजन आठवडेच्या आठवडे टिकतो. बर्फसुद्धा त्याच्यापुढे कढत म्हणावा, इतका तो थंड! त्यात वळूंचं वीर्य भरलेल्या कांड्या बुडवून ठेवतात. कांडी म्हणजे पेनच्या रिफिलपेक्षाही बारीक नळी. दूर कुठल्या तरी गोठ्यात जन्मायचं वासरू तिच्यात वर्षानुवर्षं वाट पाहू शकतं.

केंद्रात एक म्हातारा तांबडा वळू होता. नाव खडूस, आणि स्वभावही तसाच. त्याची देखभाल करणाऱ्या काकांखेरीज तो कुणालाही जवळ फिरकू देत नसे, म्हणून काकांचंच नाव पडलं वळूकाका. दगडगोट्यांतून न अडखळता डोंगर चढणारी खडूसची जात. त्या जातीच्या गाई अजून थोड्याफार होत्या, वळू मात्र हा एकच उरला होता.

आणि नेमकं त्याच्याच वीर्याला थंडी सोसत नव्हती. गोठवून पुन्हा वितळवलं, की सूक्ष्मदर्शकाखाली दहातले आठ शुक्राणू निपचित पडलेले दिसत. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई हैराण झाल्या होत्या.

“काका, चिरलेलं सफरचंद काळं पडतं ना?” एकदा त्या म्हणाल्या.

“पडतं की.”

“इथं तसंच होतंय. गोठताना, वितळताना प्राणवायूच या जिवांना कुरतडतो. सफरचंदाला लिंबू लावलं की ते काळं पडत नाही. तसंच काहीतरी यांना द्यायला हवं.”

“मग पिळा की लिंबू! त्यात काय!”

बाई खूप दिवसांनी हसल्या. “लिंबानं जागीच मरतील हो. यांच्यासाठी वेगळं आहे. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्याला.”

अंड्याच्या बलकाच्या ज्या मिश्रणात वीर्य घालतात, त्यात बाई ते औषध मिसळू लागल्या. कमी पडलं तर उपयोग शून्य, जास्त झालं तर होते तेही मरत. “औषध झालं तरी अति तिथं माती,” काका म्हणायचे. सात महिने हेच चाललं. मी कोपऱ्यातून पाहत होतो. आणि एका सकाळी बाई खुर्चीवरून उठून ओरडल्याच, “काका, पळतायत! दहातले सहा पळतायत!”

काकांनी आयुष्यात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ पाहून म्हणाले, “सगळे बापावर गेलेत. एकमेकांना ढकलतायत नुसते.”

त्या हंगामात सहासष्ट कांड्या झाल्या. चार डोंगराकडच्या दवाखान्यात पाठवल्या, बासष्ट माझ्याकडे आल्या. पाहुणे यायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे. मग खडूस एका दुपारी बसला, तो उठलाच नाही. काका आत आले, माझ्या झाकणावर हात ठेवून म्हणाले, “आता तूच सांभाळ रे बाबा. माझ्या हातचं संपलं.”

पुढच्याच महिन्यात डॉक्टरबाईंच्या वडिलांचं ऑपरेशन निघालं. त्या आठ दिवसांच्या रजेवर गेल्या. सोमवारी निघण्याआधी त्यांनी मला नायट्रोजननं काठोकाठ भरलं. मंगळवारी रंगकाम निघालं. रंगाऱ्यांनी मला उचललं आणि उंबऱ्यावर आपटलं. कुणाला आवाजही आला नसेल. माझ्या मानेत केसाएवढी चीर पडली, पोकळीत हवा शिरली, आणि पोटातली थंडी भराभर उडून जाऊ लागली.

बुधवारी माझ्या अंगावर दव जमलं. गुरुवारी पांढरं हिम धरलं. झाडलोट करणाऱ्या मावशींच्या ते लक्षात आलं. त्या कारकुनांना बोलावून म्हणाल्या, “अहो, बघा ना, याला घाम फुटलाय.”

“मावशी, थंड भांड्याला घाम येणारच. पुसून टाका.”

“याआधी कधी आला नव्हता.”

“सोमवारी भरलंय. येत्या सोमवारी बाई बघतील.”

मावशींनी फडक्यानं मला पुसलं. मी ओरडत होतो, मित्रांनो. पण पत्र्याला वाचा कुठली? शनिवारी माझ्या पोटात थेंब उरला नाही. रविवारभर खोलीतली ऊब एकेका कांडीत शिरत होती आणि मी ती मोजत होतो. दुसरं काही करणं माझ्या हातात नव्हतं.

सोमवारी बाईंनी झाकण काढलं. वाफ उठली नाही. त्यांनी मापाची पट्टी आत घातली, ती कोरडीच वर आली. तरी त्यांनी एक कांडी फोडून काचेवर घेतली.

दारातून वळूकाकांनी विचारलं, “हलतायत का?”

बाईंनी मान वर केली नाही. “सगळं एकाच भांड्यात ठेवलं. माझंच चुकलं, काका.”

प्राणवायूनं कुरतडू नये म्हणून सात महिने झटलेल्या बाई; त्यांचं औषध शेवटपर्यंत खरं होतं. कच्चा निघालो तो मी.

डोंगराकडच्या चार कांड्यांपैकी एक लागू पडली. गाय व्याली, कालवड झाली. तांबडी, ठणठणीत. काका मुद्दाम जाऊन पाहून आले. “गोड आहे,” एवढंच म्हणाले. वळू मात्र आता कुठून येणार?

मला नंतर व्हरांड्यात काढलं. मित्रांनो, जे पुन्हा मिळणार नाही, ते दोन ठिकाणी ठेवा. आणि कुणी वेगळं दिसलं, तर तारीख बघू नका, त्याला बघा.

मावशी अजूनही जाता-येता मला पुसतात. “मी नुसती पुसत बसले,” असं पुटपुटतात. मला त्यांना सांगायचं असतं, की अख्ख्या इमारतीत विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. त्या फडकं पिळतात आणि पुढच्या खोलीत जातात.