धुरपाच्या घरची शेगडी

धुरपा हे काही तिचं खरं नाव नव्हे. लोकांच्या घरी लाकडावर चालणाऱ्या शेगड्या बसवायच्या आणि धुराडी झाडायची, हा तिचा धंदा. सदा धुरात वावरणारी म्हणून गल्लीनं तिची धुरपा केली आणि आता टपालवालासुद्धा दारातून त्याच नावानं हाक मारी. गावातल्या निम्म्या घरांत तिच्या हातची शेगडी धगधगत होती. तिच्या स्वतःच्या घरात मात्र थंडीच्या दिवसांत माणसं खांद्यावर रजया घेऊन जेवायला बसत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्या वर्षी थंडी तोंडावर आली असताना गावाबाहेरची जुनी खाणावळ बंद झाली आणि मालकानं तिला विचारलं, इथली शेगडी तुला हवी का? त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती हो म्हणून बसली. दरवर्षी तीच ती साफ करायची, तिची काच घासायची आणि दरवर्षी मनातल्या मनात तिला उचलून आपल्या घरी न्यायची. ओतीव लोखंडाची, आखूड वाकड्या पायांची, काचेच्या दाराची, वर दोन पातेली सहज राहतील एवढा सपाट माथा. लोकांना दागिन्यांचं वेड असतं तसं तिला या शेगडीचं होतं.

शेगडी घरी आली तो सोहळाच होता. तिचा नवरा बस चालवायचा. डेपोतले धट्टेकट्टे दोस्त घेऊन आला तरी शेगडी दारातून आत जाईना. शेवटी दाराची फळी बिजागरीतून काढून भिंतीला टेकवली. सासूबाई जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या राहून सगळ्यांना हुकूम सोडत होत्या. त्यांची उभी हयात सूतगिरणीत गेलेली. यंत्रांच्या खडखडाटात बोलायची सवय लागली ती कायमची, त्यामुळे घरात त्यांनी मीठ मागितलं तरी ते पलीकडच्या घरात ऐकू जाई. पलीकडे घड्याळं दुरुस्त करणारे काका राहायचे. सगळी ओळ एकमेकांना चिकटलेल्या घरांची. धुरपाचं घर टोकाचं आणि काकांचं त्याला लागून. दोघांच्या मधली भिंत एकच, आणि त्या भिंतीतच दोन्ही घरांची जुनी विटांची धुराडी शेजारीशेजारी वर चढलेली. काकांच्या बाजूला रोज लाकडं जळत. धुरपाच्या बाजूचं तोंड मात्र तिनं घर घेतलं तेव्हापासून विटांनी बुजवलेलं होतं.

ते तोंड तिनं पहिल्याच दिवशी फोडलं. मग तिला आवरणं कुणाच्या हातात नव्हतं. फरशी लाकडाची, म्हणून शेगडीखाली दगडी लादी बसवली, तीही दारासमोर चांगली पुढे आलेली, निखारा उडालाच तर लादीवर पडावा म्हणून. पडदे काढले. लाकडी मांडणी पलीकडे सरकवली. ब्रश घालून धुराडं झाडलं तर बादल्या भरून काजळी आणि पाखरांची घरटी निघाली. खालून आरसा धरला तेव्हा वरचं आभाळ रुपयाएवढं दिसलं, आणि ती गुडघ्यांवरच बसून खुदकन हसली. तोंड काळं, केस काळे, दात तेवढे पांढरे. नवऱ्यानं अंगणात लाकडं फोडून रास रचली होती. रेडिओवर बर्फाचा इशारा येत होता. रविवारी दुपारी पहिला जाळ करायचा असं ठरलं आणि सासूबाईंचे धाकटे भाऊ, गवंडीमामा, त्यांनाही सांगावा गेला.

रविवारी मामा आले. धुरपानं कागदाचे बोळे केले, वर बारीक काटक्या रचल्या, काडेपेटी हातात घेतली. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, लोकांच्या घरी तू आधी नुसता धूर सोडून बघतेस ना?"

धुरपा थांबली. हे खरंच होतं. गिऱ्हाईक कितीही घाई करो, धूर सोडून बघितल्याशिवाय तिनं कुठं काडी ओढली नव्हती. या गोष्टीवरून माणसं रुसली तरी तिनं ऐकलं नव्हतं. ती पुटपुटली की आपलं धुराडं सरळ आहे, आभाळ दिसतंय, वीट पक्की आहे.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचं बोलल्याच नाहीत. गरजही नव्हती. मामा छताकडे बघत हसू दाबत होते.

धुरपाचे कान तापले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी आपली गत झाली, हे तिला कळलं. कळलं तरी राग यायचा तो आलाच. तिनं काडेपेटी फळीवर आपटली, काटक्या बाहेर काढल्या आणि पिशवीतून धुराची कांडी आणली. ही कांडी पेटवली की आच जवळजवळ नसते, नुसता दाट पांढरा धूर निघतो. धुराड्यात कुठं फट असली तर तो तिथून डोकावतो. मामा शिडीनं छपरावर गेले आणि त्यांनी धुराड्याचं तोंड ओल्या पोत्यानं बंद केलं. नवरा माळ्यावर जाऊन बसला. सासूबाई वरच्या मजल्यावर आपल्या खोलीत गेल्या. धुरपानं सगळी दारं-खिडक्या लावून कांडी पेटवली आणि शेगडीचं दार बंद केलं.

काचेमागे पांढरा लोट उठला. ती श्वास रोखून बघत राहिली. खालच्या भिंतीला कुठं काही नाही. सांध्यांतून काही नाही. तिच्या ओठांवर हसू येऊ लागलं होतं, तेवढ्यात वरून सासूबाईंचा आवाज आला, आणि तो सगळ्या ओळीनं ऐकला.

"धूर! कपाटामागून धूर येतोय!"

ती एका दमात दोन-दोन पायऱ्या चढून वर गेली. सासूबाईंच्या पलंगाशेजारच्या कपाटामागून धुराचा बारीक पदर वर चालला होता. नवरा माळ्यावरून उतरला. दोघांनी कपाट ओढलं. मागच्या गिलाव्यात केसाएवढी चीर होती आणि धूर तिच्यातूनच येत होता. मामांना हाक मारली. ते छपरावरून उतरून आले आणि त्यांनी छिन्नीनं गिलावा उडवायला सुरुवात केली. पहिली वीट निघाली, दुसरी निघाली, आणि आत लाकूड दिसलं.

घर बांधणाऱ्यानं मजल्याची तुळई दोन्ही धुराड्यांमधून आरपार नेली होती. तिच्या घरातून थेट काकांच्या घरात. लाकूड वरून कोळशासारखं काळं झालेलं होतं. धुरपानं तिच्यावर तळहात ठेवला.

तुळई गरम होती.

"आपण तर काहीच पेटवलं नाही," नवरा म्हणाला.

"आपण नाही," ती म्हणाली. "काकांनी पेटवलंय."

मग तिथं कुणी उभं राहिलं नाही. नवऱ्याला अग्निशामक दलाला फोन करायला सांगून ती अनवाणीच पलीकडच्या दारात पोचली. काका डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात बुडाले होते आणि त्यांच्या पाठीमागे जाळ छान लाल झाला होता. तिनं सांगितलं आणि ते भिंगासकट उठले. वरच्या मजल्यावर माणूस नव्हतं, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दोघांनी मिळून निखारे पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत भरले. नवरा धावत आला आणि त्यानं बादली उचलून अंगणात मोकळ्यावर नेऊन ठेवली. मामा छिन्नी घेऊन आले. वरच्या भिंतीवर हात ठेवला तर ती पोळत होती. वीट ते काढणार, तोच धुरपानं त्यांचा हात धरला. आत विस्तव धुमसत असेल तर वाऱ्याची झुळूक त्याला पुरेल. पाण्याची नळी आल्याशिवाय हात लावायचा नाही. मामा तिच्या बापाच्या वयाचे, पण मुकाट्यानं मागे सरले.

बंब लवकर आला. जवानांनी नळी वर घेतली, मग विटा काढल्या. आत तुळईच्या एका बाजूला लाल कड चमकत होती, विझत आलेल्या विडीच्या टोकासारखी. पाणी पडताच ती चरचरून काळी झाली. त्यांच्या म्होरक्यानं उष्णता मोजायचं यंत्र भिंतीवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं, पलीकडे धुरपाच्या घरातही फिरवलं, आणि मगच मान हलवली. आज कळलं नसतं तर एखाद्या थंडीच्या रात्री ही ओळच्या ओळ गेली असती, असं तो म्हणाला. काका पायरीवर बसले होते. भिंग अजून डोळ्यावरच होतं.

सासूबाई आपल्या खोलीत उभ्या राहून त्या भोकाकडे बघत होत्या. "ही भिंत उबदार लागते म्हणून मी पलंग इकडे ओढून घेतला होता," त्या म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज हळू होता.

काकांनाही घरी आणून चहा दिला, तेव्हा नवऱ्यानं विषय काढला. म्हणाला, शेगडी परत देऊन टाकू, रजया काय वाईट आहेत. आपण काडी ओढायला निघालो होतो, एवढंच धुरपाच्या डोळ्यांपुढे येत होतं. सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"शेगडीनं काय घोडं मारलंय? तिनं तर घर वाचवलं. भिंतीतून वाट नसेल तर दुसरी काढा. तिघं कारागीर बसलेत इथं, की नुसते चहा प्यायला आलेत?"

दुसरी वाट होती. धुरपाला ती खरं तर कपाट ओढलं तेव्हाच दिसली होती, पण बोलायचं धाडस झालं नव्हतं. घर टोकाचं, म्हणजे एक भिंत मोकळी. शेगडी त्या भिंतीकडे फिरवायची आणि दुहेरी पोलादी नळ भिंतीतून बाहेर काढून सरळ आभाळाकडे न्यायचा. दोन पत्र्यांच्या मध्ये आच अडवणारा भराव असलेला हा नळ बाहेरून फारसा तापत नाही. तिनं ते एका दमात सांगितलं, हातांनी दाखवलं, मधेच उठून भिंतीवर खडूनं वर्तुळ काढलं. नवरा तिच्याकडे बघत राहिला. लग्नाच्या वेळची तीच ही, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग घर म्हणजे कारखाना झाला. सुताराकडून तुळईचा जळका भाग कापून घेऊन तिथं लोखंडी आधार दिला, आणि मामांनी दोन्ही जुनी धुराडी वरखाली विटांनी कायमची बंद केली. मोकळ्या भिंतीला भोक पाडलं, ते नळापेक्षा चांगलं मोठं, कुठल्याही लाकडाला नळ शिवणार नाही असं. नळाचे तुकडे एकावर एक चढत गेले. प्रत्येक सांधा खटकन बसला की खालून काका टाळी वाजवत. त्यांनी दुकानाला सुट्टीच दिली होती. शेवटचा तुकडा छपराच्या कण्याच्याही वर न्यायचा होता, नाहीतर वारा धूर उलटा आत ढकलतो. वारं सुटलं होतं, बर्फाचे पहिले कण गालाला टोचत होते. कमरेला दोर बांधून धुरपा कण्यावर बसली होती, आणि दोराचं टोक धरलेला नवरा बस उताराला लागल्यासारखा पाय रोवून उभा होता. नळाच्या तोंडावर टोपी बसली. वरून सगळं गाव दिसत होतं आणि तिला ओरडावंसं वाटत होतं. ती ओरडली नाही. पाना खिशात घातला आणि सांभाळून उतरली.

आत भिंतीला ताज्या हवेसाठी जाळी बसली. विषारी वायू साठला तर बोंब मारणारा भोंगा बसला. तो दाबून बघितला तर सासूबाईंनाही दचकायला झालं. आणि पुन्हा धुराची कांडी. या वेळी प्रत्येक खोलीत माणूस होता, काका त्यांच्या घरात भिंतीला नाक लावून उभे होते. सगळीकडून एकच उत्तर आलं. काही नाही. धुरपाचा जीव भांड्यात पडला.

बर्फ भुरभुरत असताना, दुपारीच, तिनं काडेपेटी सासूबाईंच्या हातात दिली. त्या नको नको म्हणाल्या, मग लगेच खाली बसल्या. आधी धूर शेगडीतच घुटमळला, नळ थंड होता. धुरपानं पेटता कागद वर धरला आणि नळाचं तोंड उबवलं. क्षणभर सगळे नुसते ऐकत होते. मग नळात हूऽऽ असा आवाज उठला, ज्वाळा एकदम उभ्या राहिल्या आणि काच सोन्यासारखी झाली.

"नळानं धूर ओढला," धुरपा म्हणाली.

पहिले काही जाळ लहानच ठेवायचे, लोखंडाला हळूहळू सवय होऊ द्यायची, हे तिनं सगळ्यांना बजावलं. तरी तासाभरात काकांनी कोट काढला, मामांनी मफलर सोडला आणि सासूबाईंनी पायातले मोजे उतरवून तळवे शेगडीकडे केले. आमच्याकडे कधी येणार, असं काकांनी विचारलं. धुरपानं सांगितलं की तुमचं घर मधलं, नळ छपरातून न्यावा लागेल, आणि त्यासाठी उद्याच येऊन वासे बघते.

मग ती अंगणात गेली. नळाच्या टोकाशी धूर जवळजवळ नव्हताच. हवा तेवढी थरथरत होती आणि बर्फाचे कण तिथं पोचायच्या आधीच विरून जात होते. कोरडं लाकूड, चांगली ओढ. ती मान वर करून बघत राहिली, नाक गारठून लाल होईपर्यंत. आत आली तेव्हा पुढचं लाकूड कुणी टाकायचं यावरून मामा आणि काका हमरीतुमरीवर आले होते, आणि नवरा दोघांना रांगेत उभं राहा म्हणत होता. धुरपा लादीच्या कडेला फतकल मारून बसली आणि ते भांडण ऐकत राहिली.