टाकायची बॅट

"अवो, ठेवूचा नाय, टाकूचा."

आमच्या यांनी लाटणं फिरवलं, मोज्यांचा गोळा भिंतीवर आपटला. इथवर झकास. मग हे वाकले, दोन्ही हातांनी लाटणं फरशीवर अलगद ठेवलं आणि दाराकडे पळाले.

"टाकलंय ना ता?" दाराला हात लावून हे मला विचारतात.

"ह्येका टाकणा म्हणतत? बाळ निजवलास तुमी."

हे हसले. मला मात्र हसू येईना. यांची टीमची निवड उद्यावर, शुक्रवारवर आली होती आणि कंपनीच्या बॅरेकमधल्या पोरांच्या डब्यांच्या चपात्या लाटायच्या राहिल्या होत्या. मी लाटणं धुऊन पोळपाटावर घेतलं.

आमचे हे, तुकाराम, कुडाळकडचे सुतार. सासऱ्यांचा दंडक होता की हत्यार हातातून टाकायचं नाही. करवत असो नाहीतर रंधा, पाय लागला तर आधी नमस्कार, मग दुसरं काम. दसऱ्याला हत्यारं पुजायची, त्यांच्या रांगेत यांची क्रिकेटची बॅटसुद्धा मांडलेली असायची, हळदकुंकू लावून. अशा घरातल्या माणसाला मी सांगत होते, चेंडू मारला की बॅट भिरकावून द्या.

पण सांगितल्यावाचून गत्यंतर नव्हतं. इथल्या अस्कर गावातल्या, बांधकामाला परांच्या बांधून देणाऱ्या कंपनीचा म्हातारा मालक क्रिकेटवेडा. गावच्या स्पर्धेत सीमेवरून चेंडू फेकून हे थेट स्टंप उडवायचे. ती फेक कुणाच्या तरी मोबाइलवर बघून त्याने यांना बहारीनला आणलं. कागदोपत्री हेल्पर, खरं काम टीममध्ये खेळायचं. मागाहून माझाही व्हिसा झाला, यांच्याच व्हिसाला बांधलेला. आता म्हातारा वारला आणि मुलगा लतीफ अमेरिकेहून शिकून आला तो बेसबॉल घेऊनच. क्रिकेट खलास, आणि या नव्या खेळात चेंडू मारला की बॅट टाकून पळायचं. टीमसाठी आणलेल्या माणसांतला जो नव्या टीममध्ये बसेल, त्याचाच व्हिसा रिन्यू होणार. बाकीच्यांनी घरी जायचं.

आणि यांचा खांदा निकामी झालेला. ज्या फेकीवर आले ती फेकच गेली, उरली फक्त बॅट. गावाला जाऊन रंधा मारायचा म्हटला तरी खांदा लागतोच. आमची मनाली कोल्हापुरात नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही परतलो की तिचं कॉलेजही सुटणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. 

शुक्रवारी सकाळी मी डबा घेऊन यांच्याबरोबर गेले. कंपनीच्या मागचं वाळूचं मैदान, पलीकडे अल्युमिनियमच्या कारखान्याचा धूर. मी पिकअपच्या सावलीत बसले. क्रिकेट टीमचा कॅप्टन प्रवीण साताऱ्याचा, जीव लावणारा माणूस. तो येऊन म्हणाला, "वहिनी, दादाला एवढंच सांगा. मारलं की हातातलं सोडायचं. बाकी डोळा अजून लय भारी हाय त्याचा."

"आठवडाभर तेच सांगतेय बाबा. माझं लाटणं झिजलं."

लतीफ एकेकाला पुढे बोलवायचा, दोन-चार चेंडू टाकून बघायचा आणि सगळ्यांसमोर सांगायचा, नव्या सीझनला हा काय करणार. प्रवीणला त्याने पिचर केलं, म्हणजे चेंडू टाकणारा. एका उंच पोराला पहिल्या बेसवर उभं केलं, मारणाऱ्याने पळत गाठायचं असतं तिथे. ज्याचं नाव लागायचं तो दुसऱ्याच्या गळ्यात पडायचा. मी पदराचं टोक पिळत होते.

यांची पाळी आली. पहिलाच चेंडू असा मारला की पोरांनी शिट्ट्या घातल्या. हे धावले, बॅट हातातच. बेसपाशी पोचून वाकले आणि जमिनीवर बॅट टेकवली, क्रिकेटमध्ये क्रीजला टेकवतात तशी. सगळे खो खो हसले.

लतीफसुद्धा हसला. "तुकाराम, बॅट फेंको, फिर दौडो. यल्ला, चलो, एक बार और."

दुसराही चेंडू बसला. हे दोन पावलं पळाले, मग आठवलं. थांबले. वाकले. बॅट दोन्ही हातांनी वाळूवर ठेवली आणि मी बघितलं, बोटं बॅटला लावून कपाळाला नेली. तोवर चेंडू बेसवरच्या त्या उंच पोराच्या हातात पोचलाही होता, म्हणजे हे आउट. या खेपेला कुणी हसलं नाही.

लतीफ जवळ आला. त्याने यांच्या खांद्यावर हात ठेवला, नेमका त्या दुखऱ्या खांद्यावर. "तुकाराम भाई, इस सीझन मफी. सॉरी." मफी म्हणजे नाही, एवढं अरबी मलाही कळत होतं.

"ओके सर," हे म्हणाले. परत जाऊन बॅट उचलली, शर्टाने तिच्यावरची वाळू पुसली. बाकीच्या बॅटी ढिगात पडल्या होत्या, यांनी मात्र ती लतीफच्या हातात नेऊन दिली. प्रवीण बुटाची नाडी बांधत बसला, बांधलेलीच होती ती.

जिदहफ्स गावातल्या आमच्या खोलीवर आलो. डबे काही चुकत नाहीत म्हणून मी कणीक तिंबायला घेतली. दुपार कलली तेव्हा मनालीचा फोन आला. यांनी स्पीकरवर घेतला.

"बाबा, झालं सिलेक्शन?"

"नाय गो बाय. घराकडे येतंव आमी."

 "बरं," ती म्हणाली. " तुम्ही या. मी बघते कुठेतरी काम."

आमची एकोणीस वर्षांची पोर ती. मी तोंडात पदर कोंबला.

हे उठले. पोळपाटावरचं लाटणं घेतलं आणि खोलीच्या मध्ये उभे राहिले. समोर ना मोज्यांचा गोळा, ना काही. लाटणं जोरात फिरवलं आणि हात मोकळा सोडला. ते फरशीवर आपटलं, घरंगळत खाटेखाली गेलं.

"बघ," हे म्हणाले. "जमला."

 आठवडाभर मीच घसा फोडून सांगत होते.

हे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी पिठाचे हात पुसले, गुडघ्यांवर बसून खाटेखाली हात घातला आणि लाटणं बाहेर काढलं. आधी कपाळाला लावलं. मग धुऊन घेतलं आणि पहिली चपाती लाटायला बसले.