डाळं संपलं!

माझी मुलगी क्षिप्रा रेगेटॉन गाते. म्हणजे अंगात आल्यासारख्या ठेक्यावर, स्पॅनिशमध्ये, आणि तेही परदेशात, तोआ पायोहच्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत. स्पॅनिश ती युनिव्हर्सिटीत शिकली, हे वेडही तिथलंच. तिचे दोन अल्बम आले आणि गेले. पहिला फक्त नातेवाइकांनी ऐकला. दुसरा त्यांनीही ऐकला नाही. मग म्युझिक कंपनीचा डेस्मंड घरी येऊन तोंडावर सांगून गेला, "तिसरा चालला नाही, तर कॉन्ट्रॅक्ट संपलं. सॉरी लाह." इथे वाक्याच्या शेपटाला 'लाह' लागतोच.

मी वरवर म्हटलं, "बँकेत चिकट, मी बोलते कोणाशी तरी." पण मनातून मला ते नकोच होतं. गाताना पोरगी जशी उजळते, तशी बँकेत कधी उजळली नसती.

तिसऱ्या अल्बमचं शेवटचं गाणं रेकॉर्ड होत होतं आणि मी चिवड्याच्या फोडणीत होते. आतून ती ओरडली, "दाले! दाले!"

स्पॅनिशमध्ये 'दाले' म्हणजे 'चल, होऊन जाऊ दे', हे मला कोण सांगणार? मला वाटलं, बया डाळं मागतेय. सकाळपासून येता-जाता मूठमूठ तोंडात टाकून डबा तिनेच रिकामा केलेला. माझं डोकंच सणकलं. दार ढकलून मी खच्चून ओरडले, "डाळं संपलं! तूच फस्त केलंस, भवाने!"

क्षिप्रा आधी आ वासून बघत राहिली, मग पोट धरून जमिनीवर बसली. माझी किंचाळी तिने गाण्यात तश्शी ठेवली. मी हातापाया पडले, "काढ गं ते, पुण्यात काय म्हणतील?" डेस्मंडही म्हणाला, "किचन नॉइज, काढून टाक."

"ठेक्यात बसलंय, आई," ती म्हणाली. "राहू दे." आणि तिने कोणाचंही ऐकलं नाही. हट्टीपणा माझ्यावरून आलाय, बोलणार कोणाला!

अल्बम आला. काही दिवस सामसूम. मग मेक्सिकोत कोणीतरी त्या गाण्यावर नाचलं, मग कोलंबियात, आणि बघता बघता आमच्या एमआरटीच्या, म्हणजे मेट्रोच्या, स्टेशनवर शाळेच्या पोरी "दालं संपलं" करत उड्या मारू लागल्या. ळ एकीलाही जमत नव्हता. अल्बम कुठल्या कुठल्या देशांत पहिल्या नंबरवर गेला. आधीचे दोन पडेल अल्बमही लोक शोधून शोधून ऐकू लागले. इथल्या शोची तिकिटं हातोहात खपली, दुसरा शो लावावा लागला. मी सिल्कची साडी नेसून गेले. ती जागा आली तशी क्षिप्राने माइक लोकांपुढे धरला, आणि अख्खा हॉल एका आवाजात माझ्या लेकीवर खेकसला, भवानीसकट! मी भर गर्दीत ढसाढसा रडले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

रविवारी डेस्मंड नवं कॉन्ट्रॅक्ट घेऊन हजर. आणखी तीन अल्बम! क्षिप्राने सगळं शांतपणे वाचलं.

"गाण्यात काय ठेवायचं, ते मी ठरवणार. लिही."

त्याने लिहिलं. पेन तिच्यापुढे धरलं.

"आईने पानं घेतलीत," क्षिप्रा म्हणाली. "आधी जेवू या."

तो घड्याळाकडे बघत बसला. मी लेकीला आणखी आमटी वाढली. घाई त्याला होती, आम्हाला नव्हती.