न बोचलेला खिळा

मी एक जुना बूट आहे. उजवा. डावा माझ्या शेजारीच फळीवर बसला आहे, पण त्याच्याकडे सांगण्यासारखे काही नाही. जे घडले ते माझ्या पोटात घडले. मित्रांनो, त्याला आता बरेच दिवस झाले, तरी आठवले की माझ्या कातड्याचा थरकाप होतो.

आम्हा दोघांना एका म्हाताऱ्या मोच्याने शिवले. त्याने आमच्या मालकाला कागदावर पाय ठेवायला लावून भोवती पेन्सिल फिरवली आणि त्या मापाने कातडे कापले. तळ त्याने दुहेरी लावला. पैसे घेताना तो त्याला म्हणाला होता, "खालून काहीही येऊ दे, तुझ्या पायाला कळणारसुद्धा नाही." मला तेव्हा केवढा अभिमान वाटला! आज तेच वाक्य नकोसे वाटते.

आमचा मालक सोफे आणि खुर्च्या मढवायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. रस्त्याकडेला त्याचे दुकान होते. आत स्प्रिंगांचा ढीग, कापसाची पोती, फोमच्या लाद्या आणि दोन बाकडी. एका बाकड्यावर मिस्त्री, दुसऱ्यावर त्याचा भाऊ. या भावाचे केस पांढरे झाले होते, तरी तो अजून 'धाकटा'च होता.

दोघांची काम करण्याची तऱ्हा पाहण्यासारखी होती. चपट्या डोक्याचे बारीक खिळे ते मूठभर तोंडात टाकत. जिभेने एकेक खिळा फिरवून ओठांवर आणत, चुंबकाची हातोडी तो अलगद उचलून घेई आणि ठक! खिळा लाकडात. तोंडात खिळे असताना गिऱ्हाईक बोलायला आले, की दोघे नुसते "हूं हूं" करत. गिऱ्हाइकाला वाटे, भाव मान्य झाला.

खिळे संपले की तोंडाला लोखंडाची चव राही. ती घालवायला पेपरमिंटची गोळी, मग दोन चमचे जास्त साखरेचा चहा, दुपारी थंड पेयाची गोड बाटली. दिवसभर बैठे काम. चालणे म्हणजे बाकड्यापासून दारापर्यंत. खुर्च्या भरता भरता दोघांची पोटेही भरत चालली होती. धाकटा म्हणायचा, आपण गादीवाले, आपण बारीक दिसलो तर गिऱ्हाईक विश्वास कसा ठेवणार?

ते माझे वैभवाचे दिवस होते. रविवारी मिस्त्रीची बायको, म्हणजे धाकट्याची वहिनी, आम्हाला पॉलिश करी. मी चकचकीत होऊन बसे आणि डाव्याकडे बघतसुद्धा नसे.

मग हळूहळू काहीतरी बदलू लागले. मिस्त्री पाण्याचा तांब्या शेजारी ठेवून बसू लागला. घटाघटा पाणी प्यायचा आणि पुन्हा पुन्हा मला पायात अडकवून मोरीकडे निघायचा. सुईत दोरा ओवायला त्याला तीन तीनदा प्रयत्न करावा लागे. दुपारी बसल्या बसल्या पेंगायचा. वहिनी म्हणाली, एकदा रक्त तपासून या. मिस्त्री म्हणाला, उन्हाळा आहे, तहान लागणारच. पुढे थंडी आली, तहान मात्र गेली नाही. तपासणीही झाली नाही.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला ठाऊक होती. पूर्वी माझ्यात बारीकसा खडा गेला, तरी मिस्त्री जागीच थांबायचा, भिंतीला हात टेकायचा आणि मला काढून झटकायचा. आता खडा दिवसभर आत राहिला तरी त्याला पत्ता नसे. मला वाटे, वा! मी किती मऊ झालो आहे.

मिस्त्रीला तर त्याचे भूषणच वाटत होते. सुया टोचून टोचून त्याच्या बोटांची टोके निबर झाली होती. आता पायही कसबी झाले, असे तो सांगे. गरम फरशी असो की गार, त्याला काहीच लागत नसे. "आमच्या बापाचंही असंच होतं," तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा. "निखाऱ्यावर पाय पडला तरी हूं की चूं केलं नाही. कणखर घराणं आमचं." गिऱ्हाईक मान डोलवायचे. बापाचा तो पाय पुढे कापावा लागला होता, हे मात्र कुणी त्या कौतुकाला जोडून पाहिले नाही.

त्या दिवशी दुपारी मिस्त्रीने पाय मोकळे करायला आम्हाला काढून बाकड्याखाली ठेवले होते. तोंडात खिळे होते. धाकट्याने कुठल्याशा गिऱ्हाइकाची नक्कल केली आणि मिस्त्रीला हसू फुटले. चार खिळे उडाले. तीन फरशीवर पडले. चौथा माझ्या पोटात.

चपट्या डोक्याचा खिळा पडला, की डोक्यावर बसतो आणि टोक वर करतो. तो नेमका तसाच बसला, अंगठ्याच्या मागच्या उंचवट्याखाली. मी मनात म्हटले, काही हरकत नाही, पाय घालताच मिस्त्री ओरडेल.

मिस्त्रीने पाय घातला. लेस बांधली. उठून उभा राहिला.

तो ओरडला नाही.

मित्रांनो, खिळा सबंध आत गेला होता. मला तो कळत होता, मोज्याला कळत होता, आणि ज्याचा पाय, त्याला कळत नव्हता. तो धाकट्याबरोबर खुर्ची उचलून गिऱ्हाइकाच्या घरी गेला. जिने चढला, जिने उतरला. वाटेत शीळ घालत होता. माझ्यात गरम, चिकट काहीतरी साचत होते. मी ओरडायला हवे होते, पण बुटाला जीभ असते ती फक्त लेसखाली दाबून ठेवायला.

संध्याकाळी तो घरी आला. वहिनीने नुकतीच फरशी पुसली होती. मला दाराशी काढून तो आत गेला आणि तिने विचारले, "अहो, हा तांबडा रंग कुठून आणलात?"

मिस्त्रीने मागे वळून पाहिले. दारापासून एका पायाचे ठसे उमटले होते. तो म्हणाला, नव्या कापडाचा रंग सुटला असेल. वहिनीने त्याला बसवले आणि मोजा ओढला. मोजा निघेना. तो पायाला खिळला होता.

मिस्त्री खाली वाकून बघत राहिला, जणू शेजाऱ्याचा पाय बघतोय.

"हा तर आपला खिळा," तो म्हणाला.

वहिनीचा चेहरा कापसासारखा पांढरा पडला. खिळा उपटताना तिचेच डोळे मिटले, मिस्त्रीचे नाही. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला, म्हणून ती मागे लागली. मिस्त्रीने पट्टी बांधली आणि विषय संपवला. दुखत नाही म्हणजे काही झालेले नाही, हा त्याचा हिशोब. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच्या पायात होतो आणि त्याच्या पुढच्याही दिवशी. जखम भरत नव्हती. माझ्यात घाण वास येऊ लागला. मग एका सकाळी पाय माझ्यात शिरेचना, इतका सुजला होता. अंगठा काळा पडला होता.

त्याला इस्पितळात नेले. आम्ही दोघे दाराशी राहिलो.

धाकटा कपडे न्यायला आला, तेव्हा वहिनी त्याला सांगत होती ते मी ऐकले. रक्तातली साखर भलतीच वाढली होती. अंगठा तर जाणारच. पाय राहील की नाही, हे डॉक्टर सांगू शकत नव्हते. मी डाव्याकडे पाहिले. पाय गेला तर डाव्याला एकट्याला काम राहील आणि मला कुणी उकिरड्यावर फेकेल. आधी हेच माझ्या मनात आले. मग त्या शीळ घालणाऱ्या माणसाची आठवण झाली आणि माझी मलाच लाज वाटली.

"वहिनी, पेपरमिंटच्या गोळ्या खाऊन झालं का हे?" धाकट्याने विचारले.

"नुसत्या गोळ्यांनी नाही म्हणाले डॉक्टर. बापाकडून येतं, वजनानं वाढतं, बसून राहिल्यानं वाढतं. गोड पेयांनी भर पडते. बरीच वर्षं आत साखर साचत होती भावजी, तिनं पायाच्या नसा मारल्या. आणि आपण म्हणत होतो, कणखर."

धाकटा मटकन माझ्याशेजारी बसला.

मिस्त्री परत आला तो दोन्ही पायांवर, अंगठ्याशिवाय. वहिनी उंबऱ्यात रडली. आम्हाला त्याने पुन्हा घातले नाही. डॉक्टरांनी रुंद, मऊ जोडे सांगितले होते. आम्हाला त्याने दुकानात फळीवर ठेवले. गिऱ्हाइकाने विचारले, की तो मला खाली काढतो आणि माझ्या पोटातला डाग दाखवतो.

आता त्याचे दिवस वेगळे आहेत. गोळ्या वेळेवर. साखर नियमित तपासायची. चहा बिनसाखरेचा, पहिले काही दिवस तो पिताना तोंड असे करी, की खिळे बरे. जेवणात भाजी जास्त, भात बेताचा. दुकानात तो चालत येतो. खिळे आता वाटीत असतात. घरी रोज तळपायाखाली आरसा धरून पाय बघतो, आणि जोडे घालण्याआधी उलटे करून आपटतो, आत हात फिरवतो. त्याला जे कळत नाही, ते तो डोळ्यांनी आणि हातांनी विचारून घेतो. गेलेली जाणीव परत आलेली नाही. पण उरलेली बोटे शाबूत आहेत.

धाकटा मात्र तपासायला तयार नव्हता. दादाचे झाले म्हणून माझे कशाला, मला काही त्रास आहे का, असे म्हणून तो गोड पेयाची बाटली उघडायचा. शेवटी काल दुपारी मिस्त्रीने त्याचे बूट-मोजे काढायला लावले. डॉक्टरांनी मिस्त्रीच्या तळपायाला नायलॉनचा दोरा टेकवून तपासले होते. मिस्त्रीने शिवणाच्या डब्यातला तसाच ताठ दोरा घेतला.

"डोळे मीट. दोरा लागला की सांग."

धाकट्याने हसत डोळे मिटले. मिस्त्रीने अंगठ्याला दोरा टेकवला. दोरा वाकला. दुसऱ्या बोटाला टेकवला, तिथेही वाकला. मग तळव्याला. फळीवरून मला सगळे दिसत होते, आणि माझे शिवणटाके उसवतील असे मला वाटले.

"दादा," धाकटा डोळे मिटूनच म्हणाला, "सुरू कर ना लवकर."

मिस्त्रीच्या हातातून दोरा गळून पडला. त्याने दुकानाचे दार ओढले आणि भावाचा हात धरून थेट दवाखान्याकडे निघाला. बाटली अर्धी प्यायलेली तशीच राहिली.

मित्रांनो, मी तुमच्याकडे पॉलिश मागत नाही. एवढेच करा. तुमच्या घरी कुणी छाती फुगवून म्हणाले, की माझ्या पायाला काही लागतच नाही, तर त्याचे कौतुक करू नका. त्याचे मोजे काढायला लावा.