माझे तेल आणि दादारावांवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. सिंगापूरच्या तुआस भागात जुन्या गाड्या मोडतात त्या आवारात मी सध्या उभा आहे. माझी बॅटरी काल काढून नेली. माझी पाळी येण्याआधी मला तुम्हाला दादारावांबद्दल सांगायचे आहे, कारण त्यांच्या वाट्याला जे आले ते माझ्यामुळे आले.

१९९९ साली मी जपानहून बोटीने सिंगापूरला आलो. तुआसच्या एका कंपनीने मला विकत घेतले. जहाजांच्या दुरुस्तीला लागणारे पाइप आणि लोखंडी पत्रे हौद्यात घेऊन मी दिवसभर गोदीवर ये-जा करत असे.

दादाराव माझे ड्रायव्हर. यवतमाळकडचे, पन्नाशी ओलांडलेले, कमी बोलणारे. रोज सकाळी ते माझी तेलाची पट्टी बाहेर काढत, फडक्याने पुसून पुन्हा आत घालत आणि उजेडात धरून तेल किती आहे ते पाहत. त्याआधी ते चहासुद्धा घेत नसत. संध्याकाळी गोदीतून निघताना ते मला पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली उभे करत आणि खालच्या बाजूने स्वच्छ धूत. खाऱ्या वाऱ्याने गाडी गंजते, असे ते म्हणत.

वर्कशॉप रुपाली मॅडमच्या हाताखाली होते. त्या नागपूरच्या इंजिनिअर. दादारावांना त्या काका म्हणत. कधी रविवारी बेडोकच्या आपल्या फ्लॅटवर त्यांना जेवायला बोलावत. सोमवारी सकाळी दादाराव पट्टी पुसताना गुणगुणत असले, की काल पोटभर भाकरी मिळाली हे मला कळे.

२००६ साली माझे तेल कमी होऊ लागले. सकाळी वरच्या खुणेपर्यंत असलेले तेल दोन दिवसांत खालच्या खुणेवर येई. दादाराव स्टोअरमधून डबा आणून तेल भरत, वहीत सही करत आणि लगेच मॅडमना सांगत.

मॅडमनी मला तपासले. रात्रभर खाली पुठ्ठा अंथरून ठेवला. सकाळी त्यावर एकही थेंब नव्हता. धूर निळा नव्हता, म्हणजे तेल जळतही नव्हते. रेडिएटरच्या पाण्यात तेलाचा तवंग नव्हता. त्यांनी तीनदा पाहिले, पण तिन्ही वेळा उभ्या ट्रकला पाहिले. शिवाय तिन्ही वेळा दादारावांनी मला आधी धुऊन आणले होते. मळकी गाडी मॅडमपुढे कशी न्यायची, असे त्यांना वाटे.

मला ठाऊक होते, मित्रांनो. इंजिन जोरात पळून तेलाचा दाब वाढला, की फिल्टरच्या मागून तेलाची बारीक धार सुटे. वारा ती माझ्या पोटाखाली मागे पसरवत नेई, आणि संध्याकाळच्या पाण्यात ती धुऊन जाई. इंजिन थांबताच धारही थांबे. पण मला बोलता कुठे येत होते?

शेवटी कंपनीचे मॅनेजर सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "ट्रकमध्ये दोष नाही, मग तेल जातं कुठे? ड्रायव्हर बाहेर विकतो."

दादाराव मॅडमकडे वळले. "मॅडम, मी रोज तेल टाकतो जी. ते कुठं जाते, मले नाई समजत. पण मी नेलं नाई."

मॅडम खाली पाहत म्हणाल्या, "काका, मी तीनदा तपासलं. मला काहीच सापडलं नाही."

ट्रकमध्ये दोष नाही, अशा अहवालावर मॅडमनी सही केली. त्याच आठवड्यात दादारावांचे वर्क परमिट रद्द झाले, म्हणजे गावी परत जाणे आले. जायच्या दिवशी सकाळी ते आले, पट्टी काढून पाहिली, तेल भरले आणि बॉनेट हळूच लावून गेले.

नवा ड्रायव्हर आला. चौथ्या दिवशी तोच सांगत आला, "मॅडम, तेल पुन्हा खाली गेलंय."

मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी माझे इंजिन धुऊन कोरडे केले आणि त्यावर सगळीकडे टाल्कम पावडर फवारली. मग स्वतः केबिनमध्ये बसल्या. ड्रायव्हरला भरल्या हौद्याने तासभर मला पळवायला लावले आणि फवाऱ्याकडे न नेता रस्त्याकडेलाच थांबवले. खाली वाकून पाहिले, तर पांढऱ्या पावडरीवर एक काळी ओली रेघ होती. ती फिल्टरच्या मागच्या, तेलाच्या दाबाच्या स्विचपासून निघाली होती. अंगठ्याएवढी वस्तू ती! पंधरा मिनिटांत बदलून झाली.

केबिनमध्ये बसूनच मॅडमनी दादारावांच्या गावी फोन लावला. मीराबाईंनी, त्यांच्या पत्नीने, तो उचलला आणि दादारावांना दिला. पलीकडचे शब्द मला स्पष्ट ऐकू आले.

"काका, माझी चूक झाली. तेल गळतच होतं. स्विचमधून."

मग दादारावांनी विचारले, "इंजिनाले तं काई झालं नाई ना?"

"नाही. तुम्ही रोज तेल टाकलंत म्हणून वाचलं." मॅडम लगेच म्हणाल्या, "तुम्ही परत या. मी कंपनीत बोलते."

"इथं सारे इचारतात, चोरी केली म्हणून हाकललं काय," दादाराव म्हणाले. "मी नाई म्हणतो. आता तुमी सांगतलं, पण ते मी एकट्यानंच आयकलं जी."

मॅडमनी फोन ठेवला आणि स्टिअरिंगवर डोके टेकवले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅनेजरला सगळ्या कामगारांसमोर उभे केले आणि तो स्विच दाखवला. महिन्याभराने रजा काढून त्या दादारावांच्या गावी जाऊन आल्या. परतल्यावर फिटरला सांगत होत्या, "अंगणात वीस-पंचवीस माणसं जमवली होती मी. सगळ्यांना सांगितलं. मीराबाई रडल्या. काका मात्र यायला तयार नाहीत. आता गाडीला हात लावत नाही, म्हणाले."

त्यानंतर तीन वर्षे मी चाललो. माझे तेल पुन्हा कधी घटले नाही. ड्रायव्हर बदलत राहिले. कोणी आठवड्याने पट्टी पाहिली, कोणी महिन्याने.

मित्रांनो, यंत्राचा दोष शोधायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्याला द्या. दोष सापडला नाही, तर "मला सापडला नाही" एवढेच म्हणा. त्याच्या जागी माणसाला उभे करू नका. माझा स्विच पंधरा मिनिटांत बदलला गेला. दादारावांना मात्र कुणालाच परत आणता आले नाही.