कमी की जास्त

...तिळाएवढी. फुफ्फुसाचं काम करणाऱ्या त्या पारदर्शक डबीच्या कोपऱ्यात, टॉर्चच्या उजेडात, काळपट गुठळी दिसली आणि डॉक्टर शोल्पान जरा जास्तच वेळ वाकून राहिली. रक्त पातळ करायचं औषध वाढवलं तर गुठळ्या थांबतील — आणि मागच्या वर्षीच्या त्या ट्रकचालकासारखा मेंदूत रक्तस्राव झाला तर? त्याला औषध जास्त झालं होतं का? नेमकी मात्रा किती, ते अजून कुणी सांगू शकलेलं नाही, इथे अल्मातीच्या रुग्णालयात नाही आणि बाहेरही नाही. आपण नुसते ठाम अक्षरात मात्रा लिहितो.

म्हणून तर हा अभ्यास. मात्रा कमी की जास्त, ते संगणक चिठ्ठी काढल्यासारखं ठरवणार, आणि तोर्गिनचं नाव त्यात घालायचं तर आज दुपारी बाराच्या आत. तोर्गिन एकोणतीस वर्षांची, न्यूमोनियाने दोन्ही फुफ्फुसं निकामी, कालपासून यंत्रावर. सही तिच्या वडिलांची हवी.

ते, ओराझबेककाका, गावाहून सकाळीच येऊन पोचले होते. म्हाताऱ्या माणसापुढे एकदम कागद सरकवायचा नाही, असं शोल्पानने मनाशी ठरवलं. तिने त्यांना आपल्या खोलीत नेलं, दारापासून लांब, आतल्या मानाच्या जागी बसवलं. चहा मागवला. वयस्कर नर्स नेसिबेलीआपाला मुद्दाम सोबत घेतलं. आणि मग, शक्य तितक्या हळुवारपणे —

"काका, माणसाच्या हातात सगळंच नसतं..."

त्यांनी चहाचा वाडगा खाली ठेवला. "कधी गेली?"

शोल्पानला क्षणभर काही कळेना. मग कळलं... मानाची जागा, चहा, शेजारी वडीलधारी बाई, आडवळणाचं बोलणं — आमच्याकडे मरण असंच तर सांगतात! आजी गेल्याचं आजोबांना असंच सांगितलं होतं, हातावरून उडून गेलेल्या ससाण्याच्या गोष्टीपासून सुरुवात करून. देवा, मी हे काय करून बसले!

"आहे! काका, जिवंत आहे ती! मला फक्त विचारायचं होतं..."

"अगं बये," नेसिबेलीआपा कडाडली, "अशी सुरुवात करतात होय? पोरगी वाचवशील आणि बापाला मारशील!"

काका हसायला लागले. हसता हसता रडले. "जिवंत आहे ना? मग आण तो कागद. सही कुठे करू?"

"आधी ऐका तरी. औषध कमी द्यायचं की जास्त, ते आम्हाला माहीत नाही. म्हणून—"

"नसू दे गं माहीत. पोरगी आहे ना!"

सही झाली. वर तळवे उघडून त्यांनी तिला आशीर्वादही दिला, आणि बायकोला फोन करायला बाहेर गेले.

अकरा चाळीस. कागद नियमात चोख बसत होता. पण याला संमती म्हणायचं का? आधी त्यांची लेक काढून घेतली, मग परत दिली — त्या घडीला त्यांनी घरदारसुद्धा लिहून दिलं असतं. आणि नाव नाही घातलं तर? तर मात्रा मीच ठरवणार, पुन्हा त्याच ठाम अक्षरात, आणि पुढच्या तोर्गिनलाही आम्ही असेच अंदाजाने हाताळणार...

बाहेर काका फोनवर ओरडून सांगत होते, आहे गं, आहे! शोल्पान कागद हातात धरून दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती कुणाच्या बापासमोर 'आम्हाला माहीत नाही' म्हणाली होती, आणि ते ऐकलंच गेलं नव्हतं. ते पुन्हा म्हणायला हवं होतं. आणि या खेपेला त्यांनी ते ऐकलं तर, या विचाराने तिला इतकी भीती वाटली की फोन लवकर संपू नये असंच तिला वाटत राहिलं.